धर्मादाय खाटा किती रिकाम्या, ते दारातच कळावे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मिरज हे दवाखान्यांचे गाव झाले ते कुठल्या सरकारी योजनेमुळे नव्हे. 1889 मध्ये डॉ. विल्यम वानलेस नावाचा तरुण मिशनरी डॉक्टर या भागात आला. आधी त्याने सांगलीत दवाखाना थाटला, मग मिरजेत बस्तान हलवले आणि 1894 मध्ये ज्याला आपण सगळे आजही मिशन हॉस्पिटल म्हणतो ते रुग्णालय सुरू झाले. रेल्वेचे जंक्शन असल्याने कोल्हापूर, बेळगाव, पंढरपूर अशा सगळ्या बाजूंनी लोक येत. मोतीबिंदू झालेली म्हातारी माणसे नातवाचा हात धरून यायची आणि दिसायला लागल्यावर परत जायची. क्षयरोग्यांसाठी वानलेसवाडीत सॅनेटोरियम झाले, कुष्ठरोग्यांसाठी वेगळे रुग्णालय झाले. 1962 मध्ये मिरजेला शासकीय वैद्यकीय महाविद्यालय मिळाले, तेही इथे आधीपासून एवढी वैद्यकीय परंपरा होती म्हणूनच, असे माझे ठाम मत आहे.

हा सगळा डोलारा चालायचा कसा? देणग्या होत्याच. पण ज्याची ऐपत आहे त्याच्याकडून पैसे घ्यायचे आणि त्यातून ज्याची नाही त्याला बरे करायचे, हा तिथला रिवाज होता. संस्थानिक आणि सावकारही तिथेच उपचार घेत, शेतमजूरही तिथेच. अलीकडे मिशन हॉस्पिटलवर आर्थिक अडचणीचे दिवस आले, हे मिरजकरांना वेगळे सांगायला नको. पण तो रिवाज आता एका संस्थेच्या मर्जीवर राहिलेला नाही, तो कायद्यात आला आहे. गरजूंना नेमके तेच ठाऊक नाही, म्हणून हे पत्र.

सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याच्या कलम 41 कक नुसार आणि मुंबई उच्च न्यायालयाने 2006 मध्ये घालून दिलेल्या योजनेनुसार प्रत्येक मोठ्या धर्मादाय, म्हणजे विश्वस्त संस्थेने चालवलेल्या, रुग्णालयाला 10 टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि आणखी 10 टक्के खाटा दुर्बल घटकांसाठी सवलतीत राखून ठेवाव्या लागतात. वार्षिक उत्पन्न 1 लाख 80 हजारांच्या आत असेल तर निर्धन, 3 लाख 60 हजारांच्या आत असेल तर दुर्बल. इतर रुग्णांच्या बिलांतले 2 टक्के निर्धन रुग्ण निधीत जमा होतात आणि गरिबांच्या औषधांचा व साहित्याचा खर्च त्यातून भागवायचा असतो, तोही खरेदीच्या दराने, छापील किमतीने नव्हे. तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला किंवा रेशनकार्ड पुरते. अशा रुग्णाकडे अनामत रक्कम मागता येत नाही. रुग्ण अत्यवस्थ असेल तर आधी दाखल करून घेऊन त्याची प्रकृती स्थिर होईपर्यंत उपचार द्यायचे, हेही त्यात आहे.

आता काउंटरवर काय घडते ते पाहा. मिरजेत माझे औषधांचे दुकान आहे, त्यामुळे रुग्णांचे नातेवाईक रोज समोर उभे असतात. परवा जत तालुक्यातल्या उमदीकडची एक बाई आली होती. नवरा एका मोठ्या ट्रस्टच्या रुग्णालयात दाखल. पदराच्या गाठीत नोटा, हातात कॅरिबॅगेत गुंडाळलेले पिवळे रेशनकार्ड आणि डॉक्टरांची चिठ्ठी. चिठ्ठीवर पाच दिवसांची इंजेक्शने लिहिलेली. ती म्हणाली, “अण्णा, आजच्यापुरतीच द्या, उद्या गावाकडनं पैसे येतील.” बोलणे निम्मे कानडी, निम्मे मराठी. मी विचारले, कार्ड दाखवलेत का? तर म्हणे, दाखवले, पण आजार योजनेत बसत नाही असे सांगितले.

सगळी गफलत इथेच होते. ‘योजना’ म्हणजे महात्मा फुले जन आरोग्य योजना. त्यात ठरावीक आजार आणि ठरावीक शस्त्रक्रिया आहेत. त्यात बसत नाही म्हटले की माणूस समजतो, सगळे दरवाजे बंद झाले. धर्मादाय खाटेचा त्या यादीशी काही संबंध नाही. तिथे आजार कोणता हे पाहत नाहीत, उत्पन्न पाहतात. पण आरोग्यमित्राच्या, म्हणजे रुग्णालयात बसणाऱ्या योजनेच्या मदतनीसाच्या, टेबलावरून ‘बसत नाही’ ऐकून परतणाऱ्या माणसाला पुढच्या टेबलाकडे बोट दाखवणारे कोणी नसते. त्या बाईला मी कागदावर दोन ओळी लिहून दिल्या आणि वैद्यकीय समाजसेवकाला, म्हणजे गरीब रुग्णांचे अर्ज पाहणाऱ्या रुग्णालयातल्या कर्मचाऱ्याला, भेटायला पाठवले. संध्याकाळ झाली होती, समाजसेवक घरी गेलेले. दुसऱ्या दिवशी अर्ज भरला गेला. तोवर अनामत भरून झाली होती, ती कानातली फुले मोडून.

रुग्णालयांचीही बाजू आहे. सरकारी योजनांचे दर परवडत नाहीत, पैसे वेळेवर मिळत नाहीत, ही त्यांची तक्रार खोटी नाही. निधी संपला की पुढच्या रुग्णाचे काय करायचे, हा प्रश्नही खरा आहे. पण विश्वस्त संस्था म्हणून आयकरात आणि इतरत्र सवलती घेतल्यावर किती खाटा राखीव आहेत आणि आज त्यातल्या किती रिकाम्या आहेत, हे उघड सांगायला काहीच खर्च येत नाही. निधी संपला असेल तर तेही लिहा. लोकांना कळू द्या.

माझी मागणी साधी आहे. सांगली-मिरजेतल्या प्रत्येक धर्मादाय रुग्णालयाने कॅज्युअल्टीच्या दारात आणि पैसे भरायच्या खिडकीशेजारी ठळक फलक लावावा. निर्धनांसाठी एकूण खाटा, आज रिकाम्या, दुर्बलांसाठी एकूण, आज रिकाम्या, सोबत कोणते कागद लागतात आणि कोणाला भेटायचे. हे मराठीत आणि कानडीत. जतच्या पूर्व भागातल्या कित्येकांना मराठी वाचता येत नाही. पावती फाडणाऱ्या माणसाने अनामत मागण्याआधी “रेशनकार्ड कोणत्या रंगाचे?” एवढे विचारावे. आणि समाजसेवक रात्रपाळीलाही असावा. अपघात, हृदयविकाराचे झटके आणि अडलेल्या बाळंतिणी कार्यालयाची वेळ बघून येत नाहीत.

सहायक धर्मादाय आयुक्त कार्यालयाने कागदावरचे अहवाल मागवण्यावर न थांबता कधी रात्री दहा वाजता न सांगता फेरी मारावी. एखाद्या खाटेवर निर्धन रुग्णाचे नाव आहे आणि प्रत्यक्षात तिथे कोण झोपले आहे, हे पाच मिनिटांत दिसेल.

आणि एक विनंती आपल्या वृत्तपत्राला. पावसाळ्यात कोयनेत किती टीएमसी पाणी आणि सांगलीत आयर्विन पुलाजवळ कृष्णेची किती फूट पातळी, हे आपण रोज पहिल्या पानावर छापता. नदीकाठचा माणूस ते पाहूनच जनावरे हलवायची की नाही ते ठरवतो. तशीच एक छोटी चौकट आठवड्यातून एकदा छापता येईल का? रुग्णालयाचे नाव, निर्धनांसाठीच्या रिकाम्या खाटा, समाजसेवकाचा कार्यालयीन फोन. जे रुग्णालय माहिती देणार नाही त्याच्या नावापुढे ‘माहिती दिली नाही’ एवढेच छापा. जत, आटपाडी, कवठेमहांकाळकडे जाणाऱ्या आवृत्तीत ती चौकट अवश्य असावी. कात्रण काढून दुकानाच्या काचेवर चिकटवायचे काम माझे, आणि आमच्या ओळीतले बाकीचे औषधविक्रेतेही ते आनंदाने करतील.

आपला,
एक औषधविक्रेता, मिरज
(नाव व पत्ता संपादकांकडे दिला आहे.)