लक पेनी आधी ठरवायची

ती. आई-बाबा,
सा. न.

आयर्लंडात गुरांचा सौदा कसा होतो, असं बाबांनी विचारलं होतं. रस्त्यावरचे गुरांचे बाजार १९५० च्या दशकापासून मागे पडत गेले आणि मार्ट, म्हणजे गुरांची लिलावघरं आली. मात्र गॉलवेतल्या बॅलिनस्लोच्या ऑक्टोबरातल्या घोडेबाजारात जुनी रीत अजून पाहायला मिळते.

इथे आपल्यासारखी रुमालाखाली बोटं धरून भाव ठरवत नाहीत. भाव चारचौघांत, मोठ्याने. घेणारा बराच कमी मागतो, विकणारा तोंड वाकडं करतो, मग घेणारा पाठ फिरवून चालू लागतो. त्याला बाही धरून परत आणणारा तो टँगलर, म्हणजे आपला दलाल. फरक चाळीसचा उरला की तो म्हणणार, वीस तू सोड, वीस तू चढ. आणि दोघांचे हात धरून जबरदस्तीने जुळवणार. तळहातावर थुंकून टाळी दिली की सौदा पक्का. पूर्वी विकल्या गेलेल्या गुराच्या पुठ्ठ्यावर चिखलाचं बोट ओढत किंवा कात्रीने केस कापून खूण करत. पैसे मागाहून, बहुधा पबमध्ये.

खरी गोम लक पेनीत आहे. पैसे हातात पडले की विकणारा त्यातले थोडे शुभ म्हणून घेणाऱ्याला परत देतो. हजाराला सौदा आणि वीस परत, म्हणजे जनावर गेलं नऊशे ऐंशीलाच. पण गावात हजार सांगता येतात! भांडणं होतात ती इथेच. म्हणून जाणता माणूस लक पेनीचा आकडा टाळीच्या आधीच वदवून घेतो.

जनावर पारखायची पद्धत बाबांना नवी नाही. दोन दाती म्हणजे साधारण दोन वर्षांचं, जुळलेलं, म्हणजे सगळे दात आलेलं, ते चारच्या आसपास किंवा पुढचं. लबाडीही तीच: आदल्या दिवशी धार काढायची नाही, की कास तट्ट दिसते. चारी सडं पिळून बघितल्याशिवाय गाय घेऊ नये, हे आईचं म्हणणं इथेही लागू.

मार्टमध्ये गूर काट्यावरून रिंगणात येतं, वजन फलकावर झळकतं, लिलाव पुकारला जातो. कानात बिल्ले, सोबत जनावराचा पासपोर्ट, टीबीची तपासणी. ती मुदतीत नसेल तर व्यवहार अडतो. एवढं सगळं होऊनही रिंगणाबाहेर लक पेनीची नोट हळूच हातात सरकवली जाते.

बाबा, गुडघ्याचं तेल संपलं असेल तर कळवा.

तुमची,
धाकटी