नसबंदीने भुंकणं थांबत नाही, कृपया सेक्रेटरींनाही कळवा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

कालच्या पुरवणीतला कुत्र्यांच्या नसबंदीवरचा लेख वाचला. म्हणजे वाचावाच लागला, कारण मी चहा घेत होते तेवढ्यात आमच्या सेक्रेटरींनी त्याचा फोटो सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकला होता, 'नसबंदीनंतर कुत्रे शांत व आज्ञाधारक होते' या ओळीला लाल गोल करून, आणि खाली 'संबंधितांनी नोंद घ्यावी'. संबंधित म्हणजे आम्ही. सोसायटीत बाकीच्यांकडेही कुत्री आहेत, पण ती पडली विलायती, त्यामुळे संबंधित कायम आम्हीच.

तर संबंधितांनी नोंद घेतली, आता जरा तुम्हीपण घ्या. आमच्या गुंड्याची नसबंदी कधीच झालीये, आणि ती सोसायटीच्याच कटकटीमुळे जरा लवकर उरकली, त्याची रीतसर पावती आहे, सेक्रेटरींना झेरॉक्ससुद्धा दिलीये. तरी तो भुंकतो. कोणावर भुंकतो तर हेल्मेटवाल्यावर. लहान असताना रस्त्यावर कोणीतरी काहीतरी केलं असणार, ते आपल्याला कुठून कळणार. हेल्मेट दिसलं की शेपटी पायात, कान मागे चिकटलेले, आणि पठ्ठ्या मागे मागे सरकत भुंकतो. मागे सरकत भुंकणारं कुत्रं घाबरलेलं असतं हे आमच्या दूधवाल्याला कळतं, तो गेटजवळच हेल्मेट काढून हँडलला अडकवतो आणि मग हाच गुंड्या त्याच्या पिशवीत तोंड घालायला धावतो. सेक्रेटरींना तेवढंच करा म्हटलं तर म्हणे कुत्र्यासाठी आम्ही का हेल्मेट काढायचं! मग भुंकेल तो, काय करणार.

आमच्या डॉक्टरांनी ऑपरेशनच्या आधीच बजावलं होतं की ताई, हार्मोनमुळे जे चालतं ते कमी होईल, भीतीमुळे जे चालतं ते नाही. अगदी तस्संच झालं. आधी भाद्रपद आला की हा जेवण सोडायचा, दाराच्या फटीला नाक लावून रात्रभर कुईं कुईं, एकदा साखळी तोडून पळाला तो दुसऱ्या दिवशी कान फाडून घरी. यंदा खाली सगळी वरात चालू होती आणि हा गॅलरीत घोरत पडलेला. लोकांच्या स्कूटरच्या टायरवर पाय वर करणंही बऱ्यापैकी थांबलं. (त्याबद्दल ग्रुपवर कोणी आभार मानल्याचं आठवत नाही.) पण भित्र्या कुत्र्याचं भित्रेपण जात नाहीच, उलट काही कुत्र्यांत नसबंदीनंतर ते वाढलेलं दिसतं, असं सांगणारे अभ्यास आहेत. त्याला सवय करावी लागते, हेल्मेट लांब ठेवायचं, खाऊ द्यायचा, हळूहळू जवळ आणायचं. वेळखाऊ काम आहे, एका ऑपरेशनमध्ये उरकत नाही. तुमच्या लेखकांनी मात्र नसबंदी म्हणजे जणू आवाज कमी करायचं बटण असल्यासारखं लिहिलंय.

बरं, भुंकण्याचं सोडा. 'सहा महिने होताच करून घ्यावी, कोणतेही दुष्परिणाम नाहीत', हे कुठून आणलं? कुठल्या जातीचं कुत्रं, केवढं, नर की मादी, काही विचारायचंच नाही? कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिसमधल्या लोकांनी २०१३ साली गोल्डन रिट्रीव्हरवर अभ्यास छापला, त्यात वर्षाच्या आत नसबंदी झालेल्यांमध्ये खुब्याचं आणि गुडघ्याच्या लिगामेंटचं दुखणं जास्त निघालं, २०२० मध्ये त्यांनीच पस्तीस जाती तपासल्या तर मोठ्या कुत्र्यांत बऱ्याच ठिकाणी तसंच, आणि छोट्या जातींत सांध्यांना सहसा काही फरक नाही. कारण हाडांची वाढ थांबवायला हेच हार्मोन लागतात, ते लवकर काढले की हाडं जास्त वाढतात. आता पोरं हौसेने लॅब्राडोर आणतात, त्यांनी तुमचा लेख वाचून सहाव्या महिन्यात टेबलावर झोपवला तर? आणि वजनाचं एक अक्षर नाही. नसबंदीनंतर भूक वाढते आणि लागतं मात्र कमी, वाडगं तेवढंच ठेवलं की कुत्रं फुगतं, मग परत सांध्यांवर भार.

मी नसबंदीच्या विरोधात आहे असं कृपया कोणी समजू नये, नाहीतर उद्या 'मातृत्वाचा हक्क' वाले माझं पत्र फिरवतील. माझ्या बहिणीच्या कुत्रीला विकणाऱ्याने सांगितलं होतं, एक वेत होऊ द्या, त्याशिवाय मादी निरोगी राहत नाही. हे साफ खोटं आहे. ते वेत काही झालं नाही, ऑपरेशन लांबत गेलं, आणि एकदा माज संपून काही आठवडे झाल्यावर ती बादलीत तोंड घालून पाणी प्यायला लागली, भांडंभर संपवायची की परत बादलीशी. गर्भाशयात पू झाला होता. रात्री ऑपरेशन करून पिशवी काढली म्हणून वाचली. हे दुखणं नसबंदी झालेल्या मादीला जवळजवळ होतच नाही, स्तनाच्या गाठीही लवकर नसबंदी केलेल्या माद्यांमध्ये कमी दिसतात. म्हणजे लिहिण्यासारखं भरपूर होतं हो, पण तुम्ही छापलं काय तर 'आज्ञाधारक'! आज्ञा शिकवावी लागते.

जाता जाता, त्याच ग्रुपवर कुत्र्यांना लिफ्टबंदीचा फतवाही निघालाय. पाळीव प्राण्यांना लिफ्ट बंद करता येत नाही असं खुद्द भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाने कळवलेलं आहे, त्यावर एक लेख छापा ना कधीतरी, लाल गोल मी करीन. आणि मागच्या वेळी माझ्या पत्राचा शेवटचा परिच्छेद उडवला होता, या वेळी हा तेवढा राहू द्या.

कळावे,
एक संबंधित, नाशिक
(नाव छापू नये, याच सोसायटीत राहायचंय.)