खुणा असल्या तरी खून, नसल्या तरी खून : मंत्रिमहोदयांना एका सासूचं खुलं पत्र

मा. मंत्रिमहोदय यांस,

सविनय नमस्कार.

आपलं नाव आणि खातं मुद्दाम लिहीत नाही. नातवाच्या खुनासाठी जन्मठेप भोगणाऱ्या माझ्या सुनेचं अपील चालू आहे, पोलीस ठाणं, दवाखाना, कोर्ट, कुणाचंच नाव घालायचं नाही, अशी वकीलबाईंची ताकीद आहे. आपण मला ओळखालच. फेब्रुवारीतल्या आपल्या जनता दरबारात टोकन नंबर १८७ घेऊन सकाळी सातपासून बसलेली, निळ्या पिशवीत फाइल धरलेली म्हातारी, ती मी. आपण फाइलचं पहिलं पान पाहिलंत. ‘आजी, काळजी करू नका, तीन महिन्यांत तज्ज्ञांचं मंडळ नेमून सगळं पुन्हा तपासून घेतो,’ असं चार लोकांदेखत म्हणालात, आणि शेजारच्या साहेबांना ‘लिहून घ्या’ म्हणून सांगितलंत. त्यांनी लिहून घेतलं. हिरव्या शाईनं. मी पाहिलं.

सोमवारी उत्तर आलं. माहितीच्या अधिकारात विचारलं म्हणून आलं, आपणहून नाही. अडीच ओळी आहेत. ‘सदर प्रकरणातील ऊतींचे नमुने विहित मुदतीनंतर नष्ट करण्यात आले असल्याने पुनर्तपासणीचा प्रश्न उद्भवत नाही.’ खाली नष्ट केल्याची तारीख आहे. आपल्या दरबारानंतर सतराव्या दिवसाची.

इतकी वर्षं ते नमुने कुणाला जड झाले नव्हते, साहेब. तुम्ही ‘लिहून घ्या’ म्हणालात आणि सतरा दिवसांत झाले. यामागे कुणाचा हेतू होता असं मी म्हणत नाही. हेतू असायला कुणीतरी फाइल वाचावी लागते.

नमुने म्हणजे माझ्या नातवाच्या फुफ्फुसाचे बोटाच्या पेराएवढे तुकडे. मेणाच्या ठोकळ्यात बसवलेले. त्यांचे पातळ काप काढून काचेवर घेतात आणि सूक्ष्मदर्शकाखाली बघतात. नीट ठेवले तर वर्षानुवर्षं टिकतात. म्हणजे दुसऱ्या डॉक्टरला पुन्हा बघता आलं असतं. आता येणार नाही.

मी कैद्याची आई नाही, सासू आहे. गेलेलं बाळ माझा नातू. ऑगस्ट २०१८, श्रावणातला सोमवार, मी शंकराला गेले होते. काळाचौकीला आमची दुसऱ्या मजल्यावरची एक खोली, त्यात सून आणि चार महिन्यांचं बाळ. परत आले तर गॅलरी माणसांनी भरलेली. शेजारचा कॉलेजात जाणारा मुलगा बाळाचं नाक चिमटीत धरून तोंडात फुंकर घालत होता. सून भिंतीला टेकून उभी होती. रडत नव्हती. हे ‘रडत नव्हती’ पुढे कोर्टात तीन साक्षीदारांच्या तोंडून आलं. त्यातली एक मी.

पीएममध्ये, म्हणजे शवविच्छेदनात, आधी मत राखीव ठेवलं, व्हिसेरा, म्हणजे शरीरातल्या अवयवांचे नमुने, तपासायला पाठवला. सी.ए. रिपोर्टात, म्हणजे रासायनिक तपासणीच्या अहवालात, विष नाही. पाच महिन्यांनी अंतिम मत आलं : नाकतोंड दाबल्यानं गुदमरून मृत्यू. सुनेला संक्रांतीच्या आदल्या दिवशी नेलं. त्या संक्रांतीला बाळाचं बोरन्हाण झालं असतं. हलव्याचे दागिने मी दिवाळीआधीच सांगून ठेवणार होते, पण ते जाऊ द्या.

आता खुणांचं ऐका. वरच्या ओठाच्या आतला पातळ पडदा फाटलेला. नाकाशेजारी नखाचा ओरखडा. डॉक्टर म्हणाले, दाबल्याची लक्षणं. अहो, त्याच तोंडात एक घाबरलेलं पोर दहा मिनिटं जीव खाऊन फुंकत होतं. त्याची साक्ष काढा म्हणून सुनेच्या पहिल्या वकिलाला मी दोनदा सांगितलं. त्याला कुणी बोलावलंच नाही. पुढं, डोळ्यांत रक्ताचे बारीक ठिपके नव्हते. गळा दाबला की ते बरेचदा दिसतात, तोंड दाबलं तरी कधीकधी, म्हणे. नव्हते, मग ही गोष्ट सुनेच्या बाजूनं जायला हवी ना? नाही. ‘मऊ वस्तूनं दाबल्यास खुणा राहतीलच असं नाही.’ डॉक्टरांचं हे वाक्य चूक नाही, मला मान्य आहे. चार महिन्यांचं बाळ झोपेत आपोआप गेलं की कुणी उशी धरली, हे निव्वळ शव उघडून नेहमी सांगता येत नाही, हे जगभरचे डॉक्टर मान्य करतात. पण मग जिथं सांगताच येत नाही तिथं जन्मठेप कशी सांगता येते? खुणा असल्या तरी खून, नसल्या तरी खून. मी ३१ वर्षं एका कंपनीच्या हिशेबखात्यात काढली. आमच्याकडे एकाच खात्यात तीच रक्कम जमेलाही आणि नावेही लिहिली असती तर साहेबानं वही तोंडावर मारली असती.

आठ महिने मीसुद्धा तिला खुनी समजत होते. हे लिहिताना हात थांबतो. छापील कागद, त्यावर सरकारी शिक्का, मी कोण शंका घेणार? मग पीएमची प्रत हातात आली. त्यात : ‘कमरेखाली निळसर काळपट डाग, ४ बाय ३ सें.मी., मुका मार.’ मी स्वयंपाकघरात उभी राहून वाचत होते, तशीच खाली बसले. तो डाग जन्मापासूनचा. मी त्या पोराला रोज तेल लावून पायावर घेऊन आंघोळ घातली आहे. आपल्याकडच्या किती पोरांना असतो तो, माझ्या मुलालाही होता, तिसऱ्या वर्षी गेला. कुठल्याही चाळीतल्या कुठल्याही आजीला विचारा. मार असेल तर कातडीखाली रक्त साकळलेलं दिसतं, छेद घेऊन बघायचं असतं, असं वकीलबाई सांगतात. छेद घेतल्याचा शब्द नाही रिपोर्टात. जन्मखुणेला मार म्हणणाऱ्या माणसाच्या बाकीच्या पानांवर मी आठ महिने विश्वास ठेवला होता.

आणि फुफ्फुसाला सूज असल्याचं त्यांच्याच तपासणीत आलं होतं. दोन दिवस आधीचा खोकल्याचा केसपेपर आमच्याकडे आहे. कोर्टात म्हणाले, ‘किरकोळ.’ किती किरकोळ, ते त्या मेणाच्या ठोकळ्यात होतं.

माझं पाप आता सांगते. पोलिसांनी विचारलं, सून चिडते का? मी म्हटलं, चिडते कधीकधी, पोर रात्रभर झोपू देत नाही. जबाबात आलं : ‘माझी सून बाळाचा तिटकारा करीत असे.’ चष्मा घरी राहिला होता, सही केली. नंतर कोर्टात मी खरं सांगायला गेले तर सरकारी वकिलांनी मला फितूर ठरवलं. निकालात लिहिलंय की सासू आता घराण्याच्या अब्रूसाठी शब्द फिरवते आहे. घराणं! मुलगा काडीमोड घेऊन दुसरं लग्न करून ठाण्याला राहतो, मी त्या ‘खुनी बाई’साठी खेटे घालते म्हणून माझ्याशी बोलत नाही. घराण्यात आता मी आणि ती, दोघीच. त्यातली एक आत.

तिच्या मोबाइलमध्ये बहिणीला पाठवलेला मेसेज सापडला : ‘आता सहन होत नाही, कुठंतरी पळून जावंसं वाटतं.’ हा म्हणे हेतू. मला १९८८ साली रोज वाटायचं. तेव्हा मोबाइल नव्हता, म्हणून माझ्याविरुद्ध पुरावा उरला नाही.

भाच्यानं लॅपटॉपवर बाहेरची प्रकरणं काढून दिली. ऑस्ट्रेलियात लिंडी चेंबरलेन, १९८० साली तंबूतून तिची नऊ आठवड्यांची मुलगी गेली. ती ओरडून सांगत होती, डिंगोनं, म्हणजे तिकडच्या रानकुत्र्यानं नेली. ती टीव्हीवर पुरेशी रडली नाही, म्हणून लोकांनी आधी ठरवलं आणि मग तज्ज्ञ आले. गाडीत तान्ह्या बाळाचं रक्त सापडलं म्हणाले. १९८२ साली जन्मठेप. पुढं कळलं, ते ‘रक्त’ बहुतांशी गाडीचा आवाज दबवायला कारखान्यात मारलेला लेप होता. बाळाचं जाकीट डिंगोंच्या बिळांजवळ मिळालं तेव्हा १९८६ साली सुटली, आणि डिंगोनंच नेलं हे सरकारी कागदावर यायला २०१२ उजाडलं. त्याच देशात कॅथलीन फोल्बिग, चार मुलं गेली, तिच्या डायरीतली वाक्यं हाच कबुलीजबाब धरला. पुढं शास्त्रज्ञांनी दाखवलं की दोन मुलींच्या रक्तातच हृदय अवचित बंद पाडू शकणारा जनुकदोष होता. २०२३ साली माफी, त्याच डिसेंबरात निर्दोष.

इंग्लंडची सॅली क्लार्क तर स्वतः वकील. दोन मुलगे गेले. एका नामवंत डॉक्टरनं कोर्टात सांगितलं, असं आपोआप घडण्याची शक्यता ७ कोटी ३० लाखांत एक. हा आकडा मी कॅल्क्युलेटरवर करून पाहिला. ८,५४३ गुणिले ८,५४३. येतात ७,२९,८२,८४९. गुणाकार बरोबर आहे, अक्कल चूक आहे. एकाच घरातली, एकाच रक्ताची दोन भावंडं म्हणजे लॉटरीची दोन सुटी तिकिटं नव्हेत. तिथल्या संख्याशास्त्राच्या संस्थेनं २००१ साली जाहीर सांगितलं की हे गणित टिकत नाही. आणि दुसऱ्या बाळाच्या शरीरात जंतू सापडल्याचा अहवाल शवविच्छेदन करणाऱ्यानं बचावाला दाखवलाच नव्हता. २००३ ला सुटली, २००७ ला गेली बिचारी.

या तिघी सुटल्या, कारण बघायला काहीतरी शिल्लक होतं. कागद होते, नमुने होते, जाकीट होतं. इंग्लंडात १९९७ पासून अशी प्रकरणं परत वरच्या कोर्टात पाठवायला एक वेगळा आयोग आहे. आपल्याकडे २०१८ साली विधी आयोगानं २७७ वा अहवाल दिला, चुकीच्या खटल्यात भरडलेल्यांचं काय करायचं यावर. कुठल्या कपाटात आहे तो? त्या कपाटाला मात्र नष्ट करण्याची मुदत नसते वाटतं.

कायदा आमच्याकडे नाही असं कोण म्हणेल? १९८४ सालचं शरद बिरधीचंद सारडा विरुद्ध महाराष्ट्र सरकार. परिस्थितीजन्य पुराव्याचं पंचशील, म्हणजे पाच कसोट्या, म्हणतात त्याला. गुन्हा केला ‘असेल’ आणि ‘असलाच पाहिजे’ यांत लांबचं अंतर आहे, असं सर्वोच्च न्यायालयानं सांगून ठेवलंय, तेही महाराष्ट्राच्याच खटल्यांत. आमच्या निकालात या खटल्याचं नाव चार वेळा आहे. नाव घेतलं आणि पुढच्या पानावर पुरावा कायद्याचं कलम १०६ लावलं : खोलीत तू एकटी होतीस, काय झालं ते तूच सांग. ती सांगत होती की, झोपलं होतं, उठलं नाही. याहून जास्त ती काय सांगणार, जर खरंच तेवढंच झालं असेल तर? आता तुम्ही लोकांनी कायदे नवे केलेत. १०६ चं १०९ झालं. अभिनंदन. सात वर्षं आणि त्यावरच्या शिक्षेच्या गुन्ह्यात फॉरेन्सिक तज्ज्ञानं जागेवर जायचं, असंही आलं. फिरत्या व्हॅनना झेंडे दाखवतानाचे फोटो पाहिले. आमच्याकडे पाच महिन्यांनी आले होते. तोवर खोलीला रंग देऊन झाला होता.

देशातल्या तुरुंगांत चारांतले तीन कैदी अजून गुन्हा शाबीत न झालेले आहेत, हा तुमच्याच सरकारचा २०२२ चा आकडा. सून त्यांत होती, खटला उभा राहून २०२३ मध्ये निकाल लागेपर्यंत. आजवर आत एकूण साडेसहा वर्षं. पावणेचोवीसशे दिवस धरा, महिना-दोन महिने इकडेतिकडे, मी मोजायचं सोडलं. एखाद्या बड्या घरचं प्रकरण असतं तर रिपोर्ट चार दिवसांत येतात आणि चॅनेलवर आधी येतात. आमचा अंतिम रिपोर्ट पाच महिन्यांनी आला, आणि नमुने जायला तुमचे सतरा दिवस पुरले.

ती निर्दोष आहे असं सर्टिफिकेट मी तुमच्याकडे मागत नाही. मी खोलीत नव्हते. ते कोर्टानं बघावं. पण नमुने नष्ट करायचा हुकूम कुणाच्या सहीचा, ती नोंदवही दाखवा. पीएमचे फोटो, उरल्यासुरल्या काचा, मूळ नोंदी यांना अपील संपेपर्यंत कुणी हात लावणार नाही, हे लेखी द्या. आणि लहान मुलांचं शवविच्छेदन ज्यांना कळतं असे दोन-तीन डॉक्टर नेमा, बाहेरच्या राज्यातले चालतील, ज्यांना आमच्या डॉक्टरांची भीड नाही. झालं. एवढ्याला मंडळ, समिती, उपसमिती लागत नाही.

आणखी एक आहे. निकालाच्या शेवटच्या पानावर मुद्देमालाचा आदेश आहे : ‘क्र. ४, जुनी लहान उशी, निरुपयोगी, अपिलाची मुदत संपल्यावर नष्ट करावी.’ ही ती मऊ वस्तू. तिच्यावर बाळाची लाळ आणि रक्ताचा एक ठिपका सापडला. ज्याची उशी त्याची लाळ नाही सापडणार तर कुणाची? ती मोहरीची उशी आहे. डोकं गोल व्हावं म्हणून मी माझ्या जुन्या मलमलच्या साडीची शिवली, अर्धा किलो मोहरी निवडून भरली. मधे खळगा आहे, हातात घेतली तर दाणे घरंगळतात. कुणी हातात घेऊन तरी पाहावी. पोलिसांना ती पोटमाळ्यावरच्या ट्रंकेत मिळाली, मीच काढून दिली. पाच महिने मी धुतली नव्हती. त्याचा वास जाईल म्हणून.

नष्ट करू नका.

आपली,
टोकन नंबर १८७
काळाचौकी, मुंबई