डिस्प्लेवरचे शेवटचे आकडे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आयटीआय, पॉलिटेक्निक आणि हौशी मंडळींच्या टेबलांवर आता डायलच्या सिग्नल जनरेटरची (हव्या त्या फ्रिक्वेन्सीचा विद्युत सिग्नल देणाऱ्या यंत्राची) जागा आकडे दाखवणाऱ्या यंत्रांनी घेतली आहे. कोटेशन मागवताना ‘आठ आकडी डिस्प्ले’ एवढे लिहिले की भागले, असा समज दिसतो. त्या आठांतले खरे आकडे किती, हे मात्र कुणी विचारत नाही.

‘एडी ९८५०’ चिपचे स्वस्त मॉड्यूल घ्या. १२५ मेगाहर्ट्झचा क्लॉक (चिपला ठेका देणारा सिग्नल) आणि ३२ बिटांची आज्ञा, त्यामुळे फ्रिक्वेन्सी सुमारे ०.०३ हर्ट्झच्या पायरीने बदलता येते. पण क्लॉक तयार करणारा ऑसिलेटर ५० पीपीएमचा (दहा लाखांत ५० भाग चुकणारा) असेल, तर १० मेगाहर्ट्झवर ५०० हर्ट्झपर्यंत चूक पडते. पायऱ्या बारीक, पण अख्खा जिनाच सरकलेला! वरची मर्यादाही कागदावर ६२.५ मेगाहर्ट्झ आहे. प्रत्यक्षात ५० मागितले की ७५ वर नको असलेला सिग्नलही निघतो आणि मॉड्यूलवरचा ७० च्या आसपासचा फिल्टर तो पुरता दाबत नाही. चाळीसच्या पुढे न गेलेले बरे.

‘एक्सआर २२०६’ या सिग्नल तयार करणाऱ्या चिपच्या किटमध्ये दोष चिपचा नसतो. ती अंशाला साधारण २० पीपीएमच सरकते. गडबड करतो तो टायमिंगचा कपॅसिटर. तिथे वाय५व्ही जातीचा सिरॅमिक असेल, तर खोली २५ वरून ४० अंशांवर गेली की फ्रिक्वेन्सी काही टक्के वर चढते. तो काढून तापमानाने फारसा न हलणारा, सीझिरोजी जातीचा सिरॅमिक किंवा पॉलिप्रॉपिलीनचा बसवावा. खर्च किरकोळ आहे.

जुन्या एलसी (कॉइल आणि कपॅसिटरवर चालणाऱ्या) जनरेटरला इतक्यात भंगारात काढू नये. त्यात कपॅसिटन्स १ टक्का हलला की फ्रिक्वेन्सी अर्धा टक्का हलते, म्हणजे ४५५ किलोहर्ट्झवर सव्वादोन किलोहर्ट्झ. अर्धा तास तापू दिला, पंख्याच्या झोतातून बाजूला ठेवला, तर रेडिओची आयएफ (मधली फ्रिक्वेन्सी, बहुधा हीच ४५५) जुळवणे शिकवायला तो पुरतो.

तपासणी घरीही होते. पुणे आकाशवाणीचे ७९२ किलोहर्ट्झ रेडिओवर लावा. जनरेटरचे मॉड्युलेशन बंद करून आउटपुट अगदी कमी ठेवा, नाहीतर शेजाऱ्यांच्या रेडिओत शिट्टी वाजेल. आउटपुटला जोडलेली इन्सुलेटेड वायर नुसती रेडिओजवळ ठेवा. ७९२ च्या जवळ येताच शिट्टी ऐकू येते. ती खाली उतरत नाहीशी होते आणि मग निवेदकाचा आवाज लाटेसारखा कमी-जास्त होऊ लागतो. सेकंदाला एक लाट म्हणजे १ हर्ट्झचा फरक. या क्षणी डिस्प्लेवर जो आकडा असेल, त्याचे ७९२ पासूनचे अंतर हीच यंत्राची चूक. मध्यम लहरींच्या प्रक्षेपकाला १० हर्ट्झची, म्हणजे सुमारे १३ पीपीएमची सूट असते. त्यामुळे ५० पीपीएमचा ऑसिलेटर इथे पकडला जातो, १ पीपीएमचा टीसीएक्सओ (तापमानाचा परिणाम भरून काढणारा क्रिस्टल ऑसिलेटर) नाही. त्यासाठी जीपीएसला बांधलेला १० मेगाहर्ट्झचा संदर्भ-सिग्नल आणि फ्रिक्वेन्सी मोजणारा काउंटर लागतो.

तेव्हा खरेदीच्या कागदावर आकड्यांच्या संख्येऐवजी चार गोष्टी लिहून घ्याव्यात: क्लॉकची अचूकता पीपीएममध्ये आणि ती कोणत्या तापमानापर्यंत, ऑसिलेटरमधल्या क्रिस्टलची वर्षाची सरक, बाहेरचा १० मेगाहर्ट्झ जोडायला सॉकेट आहे का, आणि दाखवलेला व्होल्टेज ५० ओहमच्या लोडवरचा की मोकळ्या टोकाचा. शेवटचे विचारले नाही, तर विद्यार्थ्याच्या वहीत दुप्पट व्होल्टेज लिहिले जाते आणि मार्क मात्र त्याचे कापले जातात.

– इलेक्ट्रॉनिक्सचे काही अध्यापक, पुणे