रंगकामाआधी मुलाच्या श्वासाचा विचार व्हावा

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

पितृपक्ष संपला की पुण्यात रंगारी मिळेनासे होतात. घटस्थापना ते वसुबारस या जेमतेम चार आठवड्यांत सगळ्यांनाच घर रंगवून हवे असते. या घाईत दमा असलेले किंवा रसायनांच्या वासाने आजारी पडणारे मूल घरात असले, तरी काम इतर घरांसारखेच उरकले जाते. अशा मुलांना रंगाच्या वाफांनी खोकला, छातीत घरघर, डोकेदुखी, डोळे चुरचुरणे असा त्रास काही वेळा पहिल्या तासाभरातच सुरू होतो. लहान मूल वजनाच्या मानाने मोठ्यांपेक्षा जास्त हवा आत घेते. त्यामुळे ‘आम्हाला तर काही होत नाही’ हा निकष त्याला लावू नये.

हल्ली जाणकार पालक ‘लो व्हीओसी’ रंग मागतात, ते योग्यच आहे. व्हीओसी म्हणजे रंग वाळताना हवेत उडून जाणारी सेंद्रिय द्रव्ये. पण फसगत होते ती वरच्या रंगात नव्हे, त्याच्या खालच्या थरात. भिंतीचा सिमेंट प्रायमर दोन प्रकारचा मिळतो: पाण्याने पातळ होणारा आणि थिनर किंवा टर्पेंटाइनने पातळ होणारा. दुसरा ओलसर भिंतीवर घट्ट धरतो अशी समजूत असल्याने बरेच रंगारी तोच आणतात, आणि वर कितीही महागडा इमल्शन, म्हणजे पाण्यातला भिंतीचा रंग, मारला तरी खोली कित्येक दिवस वास मारत राहते. ओलीवर इलाज प्रायमर नव्हे; गळती काढून भिंत पूर्ण वाळू द्यावी लागते, नाहीतर पुट्टीचे पोपडे सुटतात आणि मागे बुरशी धरते. बुरशीही दम्याला तितकीच वाईट.

लस्टर हा भिंतीचा चकचकीत रंगही थिनरमधलाच असतो. तो मुलाच्या घरात नकोच. रंगछटा शक्यतो फिकट निवडावी, कारण गडद छटेसाठी जास्त स्टेनर, म्हणजे छटा आणण्यासाठी मिसळायचे रंगद्रव्य, लागतो आणि पुष्कळ स्टेनरमध्ये स्वतःची उडणारी द्रव्ये असतात. शिवाय पाण्यातला रंग डब्यात नासू नये म्हणून त्यात आयसोथायझोलिनोन गटातली द्रव्ये घालतात. ज्यांना त्यांची ॲलर्जी आहे त्यांना रंग वाळल्यावरही काही आठवडे त्रास होऊ शकतो. म्हणून कंपनीच्या संकेतस्थळावरून त्या रंगाचे सुरक्षा माहितीपत्रक उतरवून घ्यावे आणि मुलाच्या डॉक्टरांना दाखवावे.

रंग ठरवण्याआधी चाचणी घ्यावी. पुठ्ठ्याच्या तुकड्यावर प्रायमर आणि रंगाचे दोन हात मारून तो बाल्कनीत तीन-चार दिवस वाळवावा, मग झाकणाच्या काचेच्या बरणीत रात्रभर ठेवून मोठ्या माणसाने बरणी उघडून पाहावी. झणका आला तर तो रंग सोडून द्यावा. मुलाला मात्र बरणी हुंगायला लावू नये.

कामाचा क्रम असा ठेवावा. मुलाची खोली सर्वांत आधी, म्हणजे नवरात्रातच करावी, म्हणजे दिवाळीपर्यंत तिला दोन-तीन आठवडे मिळतात. रंग हाताला तासाभरात कोरडा लागतो, दुसरा हात चार ते सहा तासांनी मारता येतो, पण आतून पक्का व्हायला काही आठवडे जातात. गादी, पडदे, कापडी खेळणी आधीच बाहेर काढावीत. ती वाफा शोषतात आणि नंतर हळूहळू सोडत राहतात. एका खिडकीत टेबल फॅन बाहेरच्या बाजूला तोंड करून ठेवावा, भोवतीची मोकळी जागा पुठ्ठ्याने बंद करावी आणि ताजी हवा समोरच्या खिडकीतून येऊ द्यावी. दार लावून खालच्या फटीत टॉवेलची गुंडाळी ठेवावी. हे पाण्यातल्या रंगासाठी. थिनरचे काम चालू असताना त्या वाफांच्या वाटेत साधा पंखा ठेवू नये, कारण मोटारीची ठिणगी पुरते. गॅस, निरांजन, उदबत्तीही नको. मूल मात्र त्या दिवसांत घरात नसणेच सर्वांत चांगले. ते जमत नसेल तर वार्षिक परीक्षेनंतर, मूल मामाकडे गेले की काम काढावे.

दारे आणि ग्रिल यांचा ऑइल पेंट हा सर्वांत त्रासदायक भाग. आता पाण्यातले इनॅमल, म्हणजे लाकूड-लोखंडासाठीचा चकचकीत रंग, मिळते. जुन्या ऑइल पेंटची चमक पॉलिश पेपरने पूर्ण मारल्याशिवाय ते टिकत नाही, सालीसारखे सुटते. लोखंडावर आधी गंजरोधक प्रायमर लागतोच. ऑइल पेंटच हवा असेल तर दारे बिजागरीतून काढून गच्चीत रंगवावीत आणि वास पूर्ण जाईपर्यंत तिथेच ठेवावीत. फर्निचरचे पीयू (पॉलियुरेथेन) पॉलिश आणि सनमायका चिकटवायचे रबर सोल्युशन घरात वापरू देऊ नये. दोन डब्यांच्या पीयूमधल्या हार्डनरमध्ये (पॉलिश घट्ट करणाऱ्या द्रवात) आयसोसायनेट हे रसायन असते, आणि त्याने नव्याने दमा जडू शकतो.

पेठांतल्या जुन्या घरांत आणखी एक धोका आहे. २०१६ च्या केंद्रीय नियमांनी घरगुती रंगातल्या शिशाला ९० पीपीएमची (दहा लाख भागांत ९० भाग) मर्यादा घातली. त्याआधीच्या थरांत शिसे असू शकते. ते कोरडे घासू नयेत. भिंत किंवा दार भिजवून ओला पॉलिश पेपर वापरावा आणि लगदा ओल्या फडक्याने उचलावा, झाडू मारू नये.

कापलेला कांदा, पाण्याची बादली, धूप, रूम फ्रेशनर यांनी वाफा जात नाहीत; शेवटच्या दोन्हींनी भरच पडते. स्प्लिट एसी आतलीच हवा फिरवतो. एन-९५ मास्क धूळ अडवतो, वाफ नाही. डॉक्टरांनी दिलेला इनहेलर आणि स्पेसर (इनहेलरला जोडायची नळी) हाताशी असावा. इनहेलर घेऊनही धाप थांबेना, बोलता येईना किंवा ओठ निळसर दिसले तर १०८ ला फोन करावा.

आता सोसायट्यांना विनंती. आपल्या इमारतींत बाथरूमच्या खिडक्या एकाच डक्टमध्ये उघडतात. खालच्या मजल्यावर थिनर उघडला आणि एक्झॉस्ट लावला की वाफ वरच्या घरांत शिरते, आणि वरच्यांना कारणही कळत नाही. जिन्याचे कठडे रंगवतानाही तेच. समितीने किमान आठ दिवस आधी फलकावर रंगाचा प्रकार, मजला, तारीख आणि वेळ लिहावी, आणि सामाईक कामाच्या कोटेशनमध्येच पाण्यातले प्रायमर व इनॅमल अशी अट घालावी. दमा किंवा वासाचा त्रास असलेली मुले कोणकोणत्या घरांत आहेत हे सचिवांनी काम ठरवण्यापूर्वी विचारून घ्यावे आणि त्यांच्या मजल्याचे काम शाळेच्या वेळेत उरकून घ्यावे.

— रंगकाम क्षेत्रातील एक वाचक, कोथरूड, पुणे