‘ज्ञानेश्वर’ दोन घरांत

कोथरूड, पुणे
गुरुवार, रात्र

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

रविवारी तुझा फोन आला तेव्हा मी नुसतं ‘बघतो’ म्हणून ठेवून दिला. तू रागावला नव्हतास, आणि तेच मला जास्त लागलं. छापखान्यातून प्रूफ आलं, तुझ्या प्रोग्रॅमने मांडलेल्या शब्दकोड्यात ‘ज्ञानेश्वर’ला दोनच घरं, ‘मुख्यमंत्री’लाही दोनच. आडवे-उभे शब्द एकमेकांत बसेनात. दिवाळी अंकाचं काम, पानं अडलेली, आणि तू रात्रभर जागून ते कोडं हाताने पुन्हा मांडलंस. एवढं सगळं झाल्यावर तू एकच विचारलंस, ‘तुमच्या प्रोग्रॅमिंग भाषेच्या नव्या आवृत्तीत काय बदललं ते सांगणाऱ्या रिलीज नोट्स मी वाचल्या होत्या रे. हे त्यात कुठे होतं?’

त्यात ते होतं. ‘इतर’ या मथळ्याखाली, शेवटून तिसरी ओळ. ती मीच लिहिली होती.

ओळ इंग्रजीत होती. मराठीत सांगायचं तर, ‘युनिकोडचे तक्ते १५.१ पर्यंत अद्ययावत केले. ६२७ नवीन चिन्हांचा समावेश.’ बस, एवढीच. ती खोटी नव्हती. युनिकोड म्हणजे सगळ्या लिप्यांच्या चिन्हांना संगणकात संकेत देणारं मानक; त्याची १५.१ ही आवृत्ती सप्टेंबर २०२३ मध्ये आली, त्यात ६२७ चिन्हं नवीन होती, बहुतेक सगळी चिनी लिपीची. आम्ही ते तक्ते आमच्या भाषेत यंदा घेतले. पण त्याच आवृत्तीत अक्षरं मोजण्याचा एक नियम बदलला होता, आणि तो नेमका आपल्या लिपीचा होता. देवनागरी, बंगाली, गुजराती, उडिया, तेलुगू, मल्याळम या लिप्यांतलं जोडाक्षर आता मधून तोडायचं नाही, ते एकच अक्षर धरायचं. माझ्या ओळीत चिनी चिन्हांची मोजदाद होती आणि मराठीचा बदल नव्हता.

तुझ्या प्रोग्रॅमचं काय झालं ते आता नीट सांगतो. ‘ज्ञानेश्वर’ संगणकात दहा संकेतांचा शब्द आहे. जुन्या नियमाने आमची भाषा त्याचे सहा तुकडे करायची: ज्, ञा, ने, श्, व, र. शब्दकोड्याला हवी असतात चार घरं: ज्ञा, ने, श्व, र. म्हणून तू जितके पाय मोडलेले तितके वजा करायचास. सहातून दोन गेले, चार. ‘मुख्यमंत्री’चंही तसंच. ही वजाबाकी तुला कोणी सुचवली आठवतंय? दोन पावसाळ्यांपूर्वी तू माझ्याकडे मुक्कामाला होतास, वीज गेली होती, लॅपटॉपच्या उजेडात मीच म्हणालो होतो, ‘हलन्त मोज आणि वजा कर, सोपं आहे.’ आता नवा नियम आला. भाषा स्वतःच चार सांगायला लागली, आणि तुझ्या प्रोग्रॅमने त्यातून पुन्हा दोन वजा केले. म्हणजे बदल बरोबर, तुझं गणित माझं, आणि सांगण्याची जबाबदारीही माझीच.

तीन दिवस हे डोक्यात घोळतंय. आपण कॉलेजात असताना विद्यापीठाच्या आवारातून सायकली काढायचो, सीडॅक या सरकारी संगणक-संशोधन संस्थेच्या पाटीवरून कितीदा गेलो असू. संगणकावर भारतीय लिप्या आणणारं जिस्टचं काम पुढे याच संस्थेने वाढवलं. इस्की हे भारतीय लिप्यांच्या संकेतांचं कोष्टक १९९१ मध्ये भारतीय मानक झालं, आणि युनिकोडचा देवनागरीचा विभाग इस्कीच्या १९८८ च्या आवृत्तीवर बेतलेला आहे. जोडाक्षराला वेगळा संकेत द्यायचा नाही, आधीच्या अक्षराचा पाय मोडून पुढच्याला जोडायचं, ही रीत इस्कीतलीच. ‘ज्ञा’ला संगणकात चार संकेत का लागतात याचं उत्तर या शहराच्या इतक्या जवळ आहे. आणि इथे बसून नोट्स लिहिणाऱ्या माझ्या नजरेतून तोच बदल निसटावा?

कसा निसटला तेही सांगतो, कारण नोट्स कशा तयार होतात हे मी तुला कधी सांगितलंच नाही. आमची भाषा छोटी. पाच-सहा जण आपापल्या नोकऱ्या सांभाळून काम करतात. आवृत्ती बाहेर पडायच्या दोन आठवडे आधी मी मागच्या आवृत्तीपासूनची सगळी कमिट्स, म्हणजे कोडमध्ये केलेल्या एकेका बदलाच्या नोंदी, काढतो. त्यांतली निम्मीअधिक टेस्टची, टायपोची, घरातल्या झाडलोटीची. ती गाळायची. उरलेल्यांचे गट पाडायचे: भाषा, लायब्ररी, कंपायलर, दुरुस्त्या. मोठे प्रकल्प हे काम शेवटावर ठेवत नाहीत. पायथॉन या प्रोग्रॅमिंग भाषेत बदल करणाराच त्याच्यासोबत बातमीची छोटी फाइल लिहून जोडतो, आणि त्याखेरीज ‘नवीन काय’ हा मोठा लेख वेगळा, माणसाने बसून लिहिलेला. आमच्याकडे सगळं माझ्यावर. मी ते वनाजहून रामवाडीला जाताना मेट्रोत करतो, सकाळी बसायला जागा मिळते म्हणून. त्या दिवशी कमिटचा मथळा वाचला, ‘तक्ते अद्ययावत’, आणि त्याचीच ओळ केली. आतला फरक उघडून पाहिला नाही. टेस्ट, म्हणजे आपोआप चालणाऱ्या तपासण्या, सगळ्या हिरव्या होत्या, पास. देवनागरीच्या टेस्टमध्ये शब्द होते ‘पुणे’ आणि ‘मराठी’. दोन्हींत जोडाक्षर नाही. ते शब्दही मीच घातले होते, आपल्या गावाचं आणि भाषेचं नाव असावं म्हणून.

एक शब्द टेस्टमध्ये असता तर पकडलं गेलं असतं. रस्ट या प्रोग्रॅमिंग भाषेच्या अधिकृत पुस्तकात मजकुराची लांबी समजावताना ‘नमस्ते’ हा शब्द घेतला आहे: अठरा बाइट, सहा संकेत, आणि माणूस ज्यांना अक्षरं म्हणेल अशी चार, न, म, स्, ते. ते वाचून मला नेहमी वाटायचं, आपल्याकडे पाटीवर लिहायला बसलेलं कुठलंही पोर तीन म्हणेल. नव्या नियमाने उत्तर तीन येतं. इतकी वर्षं जी गोष्ट चुकीची वाटत होती ती दुरुस्त झाली, आणि मला ती आनंदाने सांगायची होती! सर्वांत वर, ठळक. त्याऐवजी ती ‘इतर’मध्ये गेली.

या निमित्ताने दुसऱ्यांच्या नोट्स पुन्हा काढून वाचल्या. पायथॉनच्या ३.६ मध्ये, डिसेंबर २०१६ ला, डिक्शनरीची, म्हणजे नावाला किंमत जोडून ठेवणाऱ्या रचनेची, आतली मांडणी बदलली आणि टाकलेल्या क्रमाने गोष्टी परत मिळायला लागल्या. लोकांना ते आवडणार हे उघड होतं. तरी नोट्समध्ये स्वच्छ लिहिलं होतं की हा क्रम आतल्या रचनेचा परिणाम आहे, त्यावर विसंबू नका, पुढे बदलू शकतो. मग जून २०१८ मध्ये ३.७ आली तेव्हा लिहिलं की आता हा क्रम भाषेचाच भाग आहे. प्रोग्रॅम दोन्हीकडे तोच, उत्तर तेच, फरक फक्त नोट्समधल्या वाक्यात. आधी ‘सध्या असं होतंय’, नंतर ‘असंच होईल’. तुझ्यासारखा माणूस त्या वाक्यावर घर बांधतो. मी आजवर नोट्सना कामाचा हिशोब समजत होतो, काय केलं त्याची यादी. ते शब्द देणं आहे हे मला त्या दोन परिच्छेदांनी जितकं कळलं तितकं दुसऱ्या कशाने नाही.

गो भाषेचंही बघ. त्यांनी २०१२ मध्ये पहिली आवृत्ती काढताना सांगितलं की आजचा प्रोग्रॅम पुढेही चालेल, आणि अजून प्रत्येक नोट्सच्या सुरुवातीला त्या शब्दाची आठवण असते. त्यात ‘जवळजवळ सगळे प्रोग्रॅम’ असं म्हटलेलं असतं, ‘सगळे’ नाही. तो ‘जवळजवळ’ मला फार प्रामाणिक वाटतो. फेब्रुवारी २०२४ मध्ये १.२२ ला त्यांनी फॉर लूपचा, म्हणजे तीच कृती फेऱ्यांनी पुन्हा पुन्हा करायच्या सूचनेचा, अर्थच बदलला. पूर्वी सगळ्या फेऱ्यांत एकच चल वापरला जायचा, आता प्रत्येक फेरीला नवा. लोक वर्षानुवर्षं ज्यात अडखळत होते ती ही गोष्ट. तरी त्यांनी ती सगळ्यांवर एकदम टाकली नाही. आधीच्या १.२१ मध्ये ज्याला हवं त्याने आजमावून पाहायची सोय दिली, आणि नंतरही ज्या मॉड्यूलने, म्हणजे कोडच्या संचाने, स्वतःच्या फाइलीत ‘गो १.२२’ किंवा पुढचं लिहिलंय त्यालाच नवा अर्थ लागू केला. म्हणजे वापरणाऱ्याने स्वतःच्या हाताने ती ओळ बदलेपर्यंत त्याचं काही हलत नाही. आम्हाला इतकं सगळं जमणार नाही, माणसं नाहीत. पण चूक दुरुस्त करतानाही कोणाचं तरी चालतं काम मोडतं, हे कबूल करायला माणसं लागत नाहीत.

परवा रात्री आमच्या गटात मी हे मांडलं. एकाचं म्हणणं पडलं, ही दुरुस्ती आहे, आधीचं उत्तर चूक होतं, त्याची वेगळी सूचना कशाला. मला ते पटत नाही, आणि मी तसं सांगितलं. चुकीचं उत्तर जोपर्यंत रोज तेच येतं तोपर्यंत लोक त्याच्या भोवती भिंत बांधून राहतात. तुझी वजाबाकी तशी भिंत होती. बराच वेळ बोलणं झालं, आवाज थोडा चढला, पण शेवटी ठरलं: एखाद्या फंक्शनचं उत्तर बदलत असेल तर कारण काहीही असो, ते सर्वांत वर जाईल, आधीचं उत्तर आणि आताचं उत्तर शेजारी लिहून. आणि ती दोन्ही उत्तरं मी दोन्ही आवृत्त्यांवर प्रत्यक्ष चालवून घेईन, आठवणीतून लिहिणार नाही.

लिहिण्याची पद्धतही बदलली. इंग्रजीत लिहायला बसलं की ‘अद्ययावत केले’, ‘सुधारले’, ‘समाविष्ट केले’ अशी वाक्यं आपोआप उतरतात, सरकारी परिपत्रकातल्या ‘करण्यात आले आहे’सारखी. कोणाला काय होणार ते त्यात कुठेच नसतं. म्हणून आता प्रत्येक महत्त्वाचा बदल आधी मराठीत, बोलीत लिहितो, तुला फोनवर सांगतोय असं धरून. ‘तू अक्षरं मोजत असशील तर तुझे आकडे कमी होतील.’ मग त्याचं इंग्रजी करतो. लांब होतं थोडं, पण काही निसटत नाही. आमच्या त्या ओळीचं आता हे झालंय:

‘मजकुराची अक्षरसंख्या बदलली आहे. जोडाक्षर आता एक अक्षर धरलं जातं. “नमस्ते”: आधी ४, आता ३. “क्षण”: आधी ३, आता २. देवनागरीसह सहा लिप्यांत हा फरक दिसेल. मजकूर कापणं, उलटा करणं, ठरावीक लांबीत बसवणं हे करत असाल तर तपासा. जोडाक्षरांसाठी तुम्ही स्वतः काही वजा-बेरीज करत असाल तर ती काढून टाका.’

जुन्या नोट्स आम्ही पुसल्या नाहीत. ती मूळ ओळ तिथेच आहे, तिच्याखाली दुरुस्ती आणि तारीख. जिने तुला चकवलं ती ओळ दिसत राहावी असा माझाच आग्रह होता. आभारांच्या यादीत तुझा उल्लेख करायचा होता, पण तुला न विचारता नाव टाकलं नाही. चालेल का, ते सांग.

आता तुझ्या प्रोग्रॅमचं. वजाबाकी सरसकट काढू नकोस, अंकाच्या कचेरीतल्या संगणकावर अजून जुनी आवृत्ती आहे असं तू म्हणालास. सुरुवातीला एकदा ‘क्ष’ची अक्षरसंख्या विचार. उत्तर १ आलं तर काहीच वजा करू नको, २ आलं तर पूर्वीसारखं कर. आवृत्तीचा क्रमांक तपासण्यापेक्षा हे बरं, कारण तुझा प्रश्न क्रमांकाचा नाही, ‘क्ष’चाच आहे. आणखी एक, आपली ती वजाबाकी पहिल्यापासून थोडी चुकीची होती. ‘अर्थात्’ असा शेवटचा पाय मोडून लिहिलेला शब्द दिला असतास तर तिने तीनऐवजी दोन घरं सांगितली असती. मराठीत आपण तो ‘अर्थात’ लिहितो म्हणून इतके दिवस कळलं नाही. संस्कृत शब्दांचं कोडं करशील तेव्हा जुन्या आवृत्तीवर हे लक्षात ठेव.

तुझ्या शब्दसूचीतले जोडाक्षरांचे शब्द मला पाठव, हवे तितके पाठव. ते सगळे मी टेस्टमध्ये घालणार आहे. ‘पुणे’ आणि ‘मराठी’च्या खाली ‘ज्ञानेश्वर’ आजच टाकलाय. ‘वाऱ्या’, ‘तऱ्हा’ असे आपले खास मराठी शब्द असतील तर तेही दे, ते दुसरं कोणी देणार नाही.

पुढच्या आवृत्तीच्या नोट्सचा कच्चा मसुदा शनिवारी तुला धाडतो. छपाईचं उरकलं असेल तर वाच. नसेल उरकलं तर राहू दे, पुढच्या आठवड्यात मी सांगलीला येतोय, तेव्हा समोर बसून वाचू. काकूंना नमस्कार सांग. आणि कचेरीतल्या त्या संगणकावर ‘क्ष’चं उत्तर एक येतं की दोन, तेवढं उद्या कळव.

तुझाच