रीफ-पाय वापरणाऱ्या सभासदांसाठी सूचना

रीफ टँक (प्रवाळांची खाऱ्या पाण्याची टाकी) रास्पबेरी पाय या छोट्या संगणकावरच्या रीफ-पाय या नियंत्रक सॉफ्टवेअरवर चालवणाऱ्या सर्वांनी या रविवारी थोडा वेळ काढून एटीओचा (घटलेलं पाणी आपोआप भरणाऱ्या यंत्रणेचा) फ्लोट स्विच, म्हणजे पाण्याच्या पातळीबरोबर वरखाली होणारा स्विच, तपासावा. त्यावर मिठाचा थर बसून तो खालीच अडकला, तर सॉफ्टवेअरला पाणी कमीच दिसतं आणि आरओचं गोडं पाणी सुरूच राहतं. क्षारता ३५ पीपीटीवरून (हजार भागांत ३५ भाग क्षार) घसरली की पहिला फटका प्रवाळांना. स्विच व्हिनेगरमध्ये बुडवून, धुऊन परत लावा. जमल्यास वरच्या पातळीला दुसरा स्विच सिरीजमध्ये (एकामागोमाग एक) जोडा. गोड्या पाण्याची टाकीही लहानच ठेवा, म्हणजे स्विच अडकला तरी थोडंच पाणी जाईल. मोठ्या टाकीचा मोह इथे महागात पडतो.

हीटर रिलेवर (रीफ-पाय चालू-बंद करतो त्या विजेच्या स्विचवर) असला तरी त्याचा स्वतःचा थर्मोस्टॅट रीफ-पायच्या मर्यादेपेक्षा जेमतेम एक अंश वर ठेवा, म्हणजे २६ ला बंद होत असेल तर २७ वर. रिले चालू स्थितीतच चिकटले तर तेवढाच आधार.

रीफ-पायच्या लॉगिनचा मूळ पासवर्ड सर्वांना ठाऊक असतो, तो आजच बदला. आणि अपडेट करण्याआधी डेटाबेसची प्रत एसडी कार्डाबाहेर ठेवा. लाइट जाण्यायेण्यात ही कार्डं दगा देतात.

वायरिंगबद्दल शंका असल्यास फोटोसह गटावर विचारा. २३० व्होल्टच्या बाजूला अंदाजाने हात घालू नका.